रोजच्या कामासाठी परवडणारा घडीचा चाकू निवडताना

घडीचा चाकू विकत घेण्यापूर्वी आठवडाभर एक साधी नोंद ठेवावी: दिवसभरात धारेच्या अवजाराची गरज नेमकी कोठे कोठे लागली? माझ्या नोंदीत खताच्या गोणीची शिवण उसवणे, रोपांच्या काळ्या पिशव्या फाडणे, सुतळी कापणे, कुरिअरची खोकी उघडणे, पेन्सिलीला टोक करणे, दुपारी बांधावर बसून काकडी चिरणे आणि एकदा बोटात मोडलेला काटा काढणे एवढीच कामे निघाली. यांतील एकाही कामाला ८ ते ९ सेंटिमीटरपेक्षा लांब पाते लागत नाही, जाड पाते तर मुळीच लागत नाही. असे असूनही दुकानात किंवा मोबाईलच्या पडद्यावर आपला हात जातो तो काळ्या रंगाच्या, दातेरी पाठीच्या, हातभर जाड चाकवाकडे, आणि पैसे वाया जाण्याची सुरुवात तेथेच होते.

पारंपरिक घडीचा चाकू म्हणजे शोभेची किंवा संग्रहाची वस्तू नव्हे. शेतकरी, मेंढपाळ, सुतार, शाळकरी मुले अशा माणसांनी खिशात बाळगावा म्हणून जो घडवला गेला आणि ज्याचा मूळ आराखडा शंभर वर्षांत फारसा बदललेला नाही, त्याला मी पारंपरिक म्हणतो. अशा चाकवाचे पाते पातळ असते, पोलाद साधे पण नीट पाणी दिलेले (तापवून, बुडवून कडक केलेले) असते आणि मूठ लाकडाची किंवा दुमडलेल्या पत्र्याची असते. तो स्वस्त असतो याचे कारण त्यात अनावश्यक भाग नसतात. आणि चांगला कापतो याचे कारण त्याची पाठ जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाड असते. हा फरक हातात कळून घ्यायचा असेल तर गाजर घ्यावे. तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीच्या पात्याने ते कापू लागल्यास अर्ध्या वाटेवर कट्‌कन आवाज होऊन गाजर दुभंगते, कारण पाते तेथे पाचरीचे काम करते. पातळ पाते मात्र तळापर्यंत शांतपणे उतरते आणि कापलेल्या चकतीची बाजू गुळगुळीत राहते.

कमी खर्चात एकच चाकू घ्यायचा असेल, तर माझी पहिली शिफारस ओपिनेलची आहे. फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातील साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये हा चाकू घडवला. पुढे तो लहान-मोठ्या क्रमांकांत मिळू लागला. ८ क्रमांकाचे पाते साडेआठ सेंटिमीटर असते, मिटलेला चाकू ११ सेंटिमीटर भरतो आणि वजन सुमारे ५० ग्रॅम असते, म्हणजे सदऱ्याचा खिसा ओढला जात नाही. लहान हाताच्या माणसाने ७ सेंटिमीटर पात्याचा ६ क्रमांक घ्यावा. मुठीच्या तोंडाशी फिरणारी पोलादी कडी असते. १९५५ मध्ये बसवलेली ही कडी फिरवली की उघडे पाते अडकून बसते आणि बोटांवर मिटत नाही. २ ते ५ क्रमांकांच्या छोट्या चाकवांना ही कडी नसते, हे मागवताना लक्षात ठेवावे.

मात्र कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. ओपिनेलची मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची असते, आणि हे लाकूड ओल धरते. मृगाच्या सरी सुरू झाल्या की पंधरा दिवसांत मूठ फुगते, पाते बसते ती मुठीतली खाच आवळली जाते आणि पाते नखाने ओढून निघत नाही. माझ्या पहिल्याच पावसात मी ते पकडीने ओढले, पात्यावर ओरखडे उमटले आणि पकड निसटून अंगठ्यालाही खरचटले. योग्य रीत अगदी सोपी आहे: कडी मोकळी करून मिटलेल्या चाकवाचे मागचे टोक टेबलावर किंवा दगडावर आपटावे, म्हणजे पात्याचे टोक थोडे बाहेर येते आणि बोटांत धरता येते. साव्वातील लोकही हेच करतात. कायमचा उपाय म्हणून उन्हाळ्यातच मूठ चांगली वाळवून तिला जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात पूर्ण सुकू द्यावा. तेल लावलेली चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल सुकताना तापते आणि चिंधी पेट घेऊ शकते. ती पसरून उन्हात वाळवावी.

आता पोलादाविषयी. हे चाकू बहुधा दोन प्रकारांत मिळतात: गंजणारे कार्बन पोलाद आणि सहसा न गंजणारे स्टेनलेस. जाणकार मंडळी कार्बनचे गोडवे गातात, आणि त्यात तथ्यही आहे, कारण ते दगडावर लवकर धार धरते. परंतु त्याचा स्वभाव समजून घ्यायला परदेशी चाकवाची गरज नाही. जुन्या घरातील लोखंडी विळी पुरेशी आहे. कैरी चिरली की विळीचे पाते काही मिनिटांत निळसर-काळे पडते, केळफूल चिरले की बोटांसकट सगळे काळे होते आणि रात्री विळी ओली राहिली तर सकाळी तांबूस ठिपके दिसतात. यांतला काळा-करडा थर वाईट नसतो. तो पोलादाचे काहीसे रक्षणच करतो. वाईट असतो तो तांबडा, खरखरीत गंज, जो पात्यात खड्डे पाडतो. ज्यांना विळी वापरून लगेच धुऊन, पुसून, आडवी करून ठेवण्याची सवय आहे, त्यांनी कार्बन पोलाद खुशाल घ्यावे व पात्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. ज्यांचा चाकू घामट खिशात, खाऱ्या हवेत आणि आंबट फळांत वावरणार आहे, त्यांनी स्टेनलेसच घ्यावे. मी स्वतः कार्बनवर प्रेम करतो आणि जून ते ऑक्टोबर स्टेनलेस वापरतो.

लाकडाची कटकटच नको असेल तर स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सकडे वळावे. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये इबाख येथे कारखाना सुरू केला आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांच्या बहुउपयोगी चाकवाची नोंदणी केली. त्याचेच वंशज असलेले लाल मुठीचे चाकू आपल्याकडे सर्वांना ओळखीचे आहेत. येथे मोह होतो तो अवजारांच्या संख्येचा. पंधरा-वीस पात्यांचा जाडजूड चाकू खिशात राहत नाही, घरी कपाटात राहतो. ९१ मिलिमीटर लांबीचा, मोठे व लहान अशी दोन पाती असलेला साधा नमुना पुरतो. मोठे पाते फक्त खाण्यासाठी आणि लहान पाते खोकी, चिकटपट्टी, दोरी यांसाठी अशी वाटणी करून टाकावी. गोणी, चामडे किंवा ताडपत्री यांच्याशी रोजचा संबंध असेल तर ॲल्युमिनियमच्या मुठीचा, टोचा असलेला ९३ मिलिमीटरचा नमुना अधिक कामाचा ठरतो, कारण दाभण सापडत नसेल तेव्हा तोच टोचा ताडपत्रीला भोक पाडतो.

जपानचा हिगोनोकामी हा तिसरा पर्याय. ह्योगो प्रांतातील मिकी या लोहारकामाच्या गावी १८९० च्या दशकात तो आकाराला आला आणि पुढे कित्येक पिढ्यांतील शाळकरी मुलांनी त्यानेच पेन्सिली तासल्या. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, पाते जिच्यावर फिरते ती एक खीळ, एक पाते आणि पात्याच्या मागे अंगठ्याने दाबायची छोटी दांडी, एवढाच सगळा संसार. त्याला खटका (उघडे पाते अडकवून ठेवणारी कळ) नाही आणि स्प्रिंगही नाही. अंगठ्याचा दाब हेच त्याचे कुलूप. पेन्सिल, बांबू, लाकडाचे कोरीव काम यांसाठी तो फार गोड चालतो, पण घाईगर्दीच्या कामाला किंवा लहान मुलांच्या हाती मी तो देणार नाही.

खटका नसलेला चाकू धोकादायक असतो, असा एक समज आहे. व्हिक्टोरिनॉक्सच्या वरील दोन्ही नमुन्यांतही पाते केवळ मागच्या पट्टीच्या दाबावर उघडे राहते. कापताना जोर धारेकडून पाठीकडे जातो, म्हणजे पाते आणखी उघडण्याकडेच झुकते. ते मिटते ते टोक खुपसताना किंवा पाठीवर ठोकताना. ही दोन कामे घडीच्या चाकवाने करूच नयेत, मग त्याला कितीही भक्कम खटका असो. डबा उचकटणे, खिळा उपटणे, स्क्रू फिरवणे यांनीही पात्याचे टोक मोडते, आणि मोडलेल्या टोकाची भरपाई कोणतीही हमी देत नाही.

चाकू हातात घेऊन पाहायला मिळत असेल तर खरेदीपूर्वी दोन मिनिटे घालवावीत. पाते हळूहळू उघडावे. मध्येच अडकणे किंवा एकदम सैल पडणे ही वाईट लक्षणे. पूर्ण उघडल्यावर पाठ चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहावे, डगडग जाणवली तर खीळ ढिली आहे असे समजावे. मिटलेला चाकू मुठीच्या तोंडाकडून बघावा: पाते खाचेच्या मधोमध बसले पाहिजे आणि टोक बाहेर डोकावता कामा नये, नाहीतर खिशात हात घालताच ते बोटाला लागेल. शेवटी धार वर करून दिव्याखाली धरावी. तेज धारेवर उजेड थांबत नाही. जेथे बोथट किंवा खाचलेली असते तेथे पांढरा ठिपका चमकतो.

पात्याच्या बुडाशी कंपनीचा आणि देशाचा ठसा आहे की नाही, हेही बघावे. ओपिनेलच्या पात्यावर मुकुटासह हाताचा पंजा असतो. बस स्थानकाबाहेरच्या गाड्यावर मिळणारा लाल ‘स्विस’ चाकू पाहताना मीही एकदा फसलो आहे. त्याचे पाते इतके मऊ होते की नायलॉनची दोरी चार वेळा कापल्यावर धार कलंडली. चांगल्या चाकवासाठी साधारण एका प्रेशर कुकरइतका खर्च करण्याची तयारी ठेवावी. त्याहून फारच स्वस्त मिळत असेल तर शंका घ्यावी, आणि त्याच्या तिप्पट मागितले जात असेल तर ते पैसे कापण्यासाठी नसून दिसण्यासाठी आहेत असे समजावे.

कायद्याची बाजूही पाहून घ्यावी. शस्त्र नियमांच्या वर्गवारीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे येतात आणि घरगुती, शेतीच्या वगैरे कामांसाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. आपला साडेआठ सेंटिमीटरचा चाकू त्या मापाच्या जवळपासही जात नाही. तरीही बटण दाबताच उघडणारा चाकू घेऊच नये. शिवाय सण, निवडणुका किंवा मोर्चे यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो, आणि त्यात सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगण्यावरही बंदी येते. अशा दिवसांत तो घरीच ठेवावा. विमानाने जाताना तो हातातल्या पिशवीत चालत नाही. सुरक्षा तपासणीच्या रांगेत तो आठवला की टोपलीत टाकून पुढे जाण्याखेरीज गत्यंतर राहत नाही, म्हणून घरातून निघतानाच तो सामानाच्या मोठ्या बॅगेत टाकावा.

आंब्या-काजूच्या बागा असलेल्या वाचकांसाठी एक खुलासा. कोय कलमासाठी वापरतात तो कलम चाकूही घडीचाच असतो, पण त्याच्या पात्याला एकाच बाजूने उतार असतो व दुसरी बाजू सपाट असते, म्हणूनच काडीचा काप सरळ आणि सपाट येतो. त्या चाकवाने सुतळी कापू नये, भाकरीबरोबरचा कांदा तर त्याहून नको. तो वेगळाच ठेवावा.

घरी आणल्यावर धार लावण्याची सोय करावी, कारण स्वस्त चाकू आणि महाग चाकू दोन्ही शेवटी बोथट होतात. सायकलच्या चाकावर धार लावून देणाऱ्याकडे विळी किंवा कोयता जरूर द्यावा, पण पातळ पाते देऊ नये. कोरड्या, वेगवान चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा धार तापते, आणि ती एकदा निळी पडली की त्या जागचे पाणी उतरते, मग कितीही घासले तरी धार टिकत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एका बाजूने भरड व दुसऱ्या बाजूने बारीक असा कार्बोरंडमचा दगड पुरेसा आहे. कोनाचा अंदाज येत नसेल तर चौकोनी कागदाचा कोपरा दोनदा दुमडावा. ९० अंशांचे ४५ आणि ४५ चे साडेबावीस होतात, त्याहून किंचित खाली पाते धरावे. दगड ओला ठेवून एका बाजूने घासत राहावे, जोपर्यंत दुसऱ्या बाजूच्या काठावर नखाला बारीक कडा अडकल्यासारखी वाटत नाही. मग बाजू बदलावी. ती कडा हलक्या हाताने दोन्हीकडून उतरवून, न्हावी वस्तरा पट्ट्यावर फिरवतो तसे पाते जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीच्या दिशेने दहा-बारा वेळा ओढावे. वर्तमानपत्राचा कागद एका हातात लोंबता धरून दुसऱ्या हाताने कापून पाहावा. तो फाटला तर बारीक बाजूवर पुन्हा जावे; आवाज न करता उतरला तर पाते पुसून, खिळीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून चाकू मिटावा.