पहिल्या बाळंतपणाची तयारी: सातव्या महिन्यापासून कळा सुरू होईपर्यंत

डोहाळेजेवणाला आलेल्यांपैकी कुणीतरी "माझे तर दोन दिवस नुसते हाल झाले" हे ऐकवणारच. त्यावर "सगळं छान होईल" असं मनाला बजावत राहून भीती जात नाही. घाबरलं की शरीरात ॲड्रेनलिन वाढतं, कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कामात अडथळा येतो, अंग आखडतं आणि तीच कळ जास्त दुखते. म्हणून कळ आल्यावर काय करायचं आणि जवळ कोण असणार, हे आधीच ठरवून ठेवा.

बाळंतपण माहेरी करणार असाल तर दवाखान्याचं पहिल्यांदा बघा. सात महिने एका डॉक्टरकडे तपासणी आणि ऐन वेळी अनोळखी लेबर रूम, अशी गत अनेकींची होते. साधारण ३२ आठवड्यांपर्यंत तिथे नाव घालून एक तपासणी करून घ्या. फाइल, सगळे सोनोग्राफी रिपोर्ट आणि रक्तगट सोबत न्या. गट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल (आईच्या शरीरात बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) स्वतःहून विचारा. ते साधारण २८ आठवड्यांना देतात आणि नेमकं याच धावपळीत राहून जातं. रात्री सिझरची वेळ आली तर भूलतज्ज्ञ आणि रक्त कुठून येतं, हेही विचारायला संकोच नको. सरकारी रुग्णालयात २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझर, औषधं, जेवण आणि ने-आण मोफत आहे. गाडीसाठी १०२ आणि तातडीला १०८ हे नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

आता श्वास. कळ एकदम कळसाला जात नाही. ती चढते, टिकते, उतरते, आणि हे सगळं साधारण मिनिटभरात होतं. सरावासाठी बर्फाचा खडा मुठीत धरून मिनिटभर बसा. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, तोंडाने सहा ते आठ मोजत सोडा. सोडताना जबडा आणि खांदे सैल पडलेत ना, ते बघा. पंधरा सेकंदांनंतर मूठ उघडावीशी वाटते, तेव्हाच श्वास भराभर होऊ लागतो. प्रत्यक्ष कळांमध्येही हेच बिघडतं: भराभर श्वासाने बोटं आणि ओठ मुंग्या आल्यासारखे होतात, गरगरतं. यावर उपाय एकच, श्वास लांबवून सोडणं. हा सराव रोज दहा मिनिटं, सोबत येणाऱ्या व्यक्तीबरोबर करा. ती व्यक्ती आई असो की नवरा, तिने कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर, तळहाताच्या टाचेने घट्ट दाबायला शिकावं. हलक्या हाताने चोळलेलं कळेत अनेकींना उलट नकोसं होतं.

उताणं पडून राहिल्याने गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो. म्हणून कळांमध्ये चालणं, खिडकीला टेकून वाकणं, गुडघे-हात टेकून ओणवं होणं, कुशीवर झोपणं यातलं काय जमतं ते घरी करून पाहा. उकिडवं बसणं चांगलं, पण वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात खाली असेल, रक्तस्राव झाला असेल किंवा बाळ पायाळू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

३५ आठवड्यांनंतर आठवड्यातून दोन-तीनदा योनीमार्गाच्या खालच्या भागाला मालीश केली, तर पहिलटकरणीला टाके पडण्याची शक्यता कमी होते. नखं कापून, हात धुऊन, खोबरेल तेल लावा. अंगठा तीनेक सेंटिमीटर आत घालून गुदद्वाराच्या दिशेने दाबा. ताण जाणवला की मिनिटभर तसंच धरा, मग दोन्ही बाजूंना सरकवा. पाच मिनिटं पुरे. वर, लघवीच्या जागेकडे दाबू नका. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, खाली असलेली वार किंवा पाणी जात असेल तर हे करूच नका.

एरंडेल पिऊन कळा आणण्याचा घरगुती सल्ला ऐकू नका. त्याने जुलाब होतात आणि ऐन प्रसूतीच्या वेळी अंगातलं पाणी कमी होतं. तुपाने वाट मऊ होत नाही, वजन मात्र वाढतं.

चौतिसाव्या आठवड्याच्या भेटीत डॉक्टरांना हे विचारून घ्या: सोबतीला आत घेता का, कळांमध्ये काय पिता येईल, प्रत्येक पहिलटकरणीला योनीमार्गाच्या तोंडाशी छेद देता का, बाळ लगेच आईच्या छातीवर ठेवता का, वेदनाशमनासाठी एपिड्युरल (पाठीतून देतात ते भुलीचं औषध) मिळेल का. ते घ्यावंसं वाटलं तर त्यात कमीपणा नाही.

निघायचं कधी? चालल्यावर किंवा कूस बदलल्यावर थांबतात त्या खोट्या कळा. खऱ्या कळा वाढत जातात, त्यांतलं अंतर कमी होतं. पहिल्या खेपेला दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघा. दवाखाना लांब असेल तर त्याआधीच. फार लवकर गेलं तर तिथे नुसतं पडून राहावं लागतं. मात्र पाणी गेलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी झाली, डोकं ठणकून डोळ्यांसमोर अंधारी आली किंवा ३७ आठवड्यांआधी कळा सुरू झाल्या, तर वाट पाहू नका. पाणी गेल्याची वेळ आणि रंग लक्षात ठेवा. हिरवट असेल तर बाळाने आत शी केलेली असू शकते.

सिझर झालंच तरी सोबतीने काय करायचं ते आताच ठरवा. आई टेबलावर असेपर्यंत बाळ त्यांनी उघड्या छातीशी धरावं, वर दुपटं पांघरावं, मध-साखर काही चाटवू नये. आई बोलण्याइतकी सावध झाली की, टाके असले तरी, पहिल्या तासातच बाळ तिच्या अंगावर घ्यायला सिस्टरची मदत मागावी.