गोव्यात राहून ग्लुटेन-फ्री: गहू, दूध, कांदा-लसूण सगळंच सोसत नसेल तर जेवायचं काय

आधी एक कळकळीची विनंती. पोट बिघडतंय म्हणून कुणीतरी म्हणालं गहू सोड आणि तुम्ही लगेच सोडला, असं करू नका, निदान टेस्ट होईपर्यंत तरी नाही. सीलिएक म्हणजे गहू, जव, राय यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतडं झिजण्याचा आजार, त्यासाठी रक्ताची टेस्ट असते, टीटीजी-आयजीए म्हणतात तिला, आणि तिच्यासोबत टोटल आयजीए (आयजीए म्हणजे रक्तातली एक अँटीबॉडी) पण करून घ्यायची कारण काहींच्या अंगात आयजीएच कमी असतं, मग आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. ही टेस्ट गहू खात असतानाच खरी येते, एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासतात त्याचंही तसंच. आधी गहू बंद केलात आणि काही महिन्यांनी डॉक्टरांकडे गेलात तर ते म्हणणार परत गहू खा आणि मग या, आणि एकदा बरं वाटायला लागल्यावर ते परत खाणं फार जिवावर येतं.

हे एवढं सांगतेय कारण उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे. सीलिएक निघालं तर गहू, जव, राय जन्मभर बंद आणि चिमूटभरसुद्धा चालत नाही. गव्हाची अ‍ॅलर्जी ही वेगळी गोष्ट. आणि तिसरा प्रकार असा की ग्लुटेनचा काही संबंधच नसतो, गव्हात फ्रुक्टन नावाची साखर असते ती पचत नाही, आणि तीच कांद्यात आणि लसणात पण असते. म्हणून खूप जणांना पाव सोडूनही फरक पडत नाही, कारण रोजच्या शाकुतीत, म्हणजे खोबरं-मसाल्याच्या रश्श्यात, वाटीभर कांदा जातच असतो.

आमच्या घरी माझ्या लेकीला सीलिएक आहे, त्यात दूध सोसेना आणि कांदा-लसणाने पोट फुगायचं. सगळं एकत्र आलं की घरातल्या बाईला पहिला प्रश्न पडतो की आता या पोरीला घालू काय. मी जे करत आले ते लिहिते.

एका वेळी एकच गोष्ट काढा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि हेच कुणी करत नाही. गहू, दूध, अंडं, डाळी, कांदा एकदम बंद केलं तर बरं वाटेल कदाचित, पण कशामुळे बरं वाटलं ते कधीच कळणार नाही आणि माणूस नुसता भात-मीठ खाऊन अशक्त होईल. सीलिएक असेल तर ग्लुटेन आधी, आणि पूर्ण. दूध त्याच वेळी थांबवायला डॉक्टर सांगू शकतात कारण लॅक्टोज पचवणारं एन्झाइम लहान आतड्यातल्या बारीक उंचवट्यांच्या टोकाला तयार होतं आणि सीलिएकमध्ये नेमके तेच उंचवटे झिजतात. म्हणजे दूध न सोसणं हा बऱ्याचदा गव्हाचाच परिणाम असतो, आणि आतडं भरून आलं की कित्येकांना दूध परत चालायला लागतं. म्हणून दुधावर कायमची फुली मारू नका, काही महिन्यांनी आधी थोडं दही घेऊन बघा, त्यात लॅक्टोज कमी असतं. साजूक तुपात तर जवळजवळ नसतंच.

कांदा-लसूण, कडधान्यं वगैरेचा नंबर त्यानंतर. यासाठी लो-फॉडमॅप पद्धत आहे (फॉडमॅप म्हणजे नीट न पचता पोटात वारा धरणाऱ्या साखरा), ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश युनिव्हर्सिटीत ती तयार झाली. 2 ते 6 आठवडे त्रास देणारे पदार्थ बंद, मग एकेक परत घालून बघायचं, आणि शेवटी जे सोसतं ते सगळं ताटात परत आणायचं. लोक पहिल्याच पायरीवर वर्षानुवर्षं बसून राहतात, ते चुकीचं आहे. शक्य असेल तर आहारतज्ज्ञाला धरूनच करा, लहान मुलांच्या बाबतीत तर नक्कीच. आणि एक वही ठेवा साधी शाळेची, काय खाल्लं, किती वाजता, त्रास किती वाजता, झोप, पाळी, कुठलं औषध. मोबाइलवर लिहिणारे लिहोत, पण वही स्वयंपाकघरात टांगलेली असली की घरातलं कुणीही लिहितं.

आता गोव्याचं. खरं सांगायचं तर या आजाराला आपल्यासारखा मुलूख नाही. उकड्या तांदळाची पेज, शीत (भात), हुमण (खोबऱ्याच्या वाटणातलं माशांचं कालवण), घावन, आंबोळी, तांदळाची भाकरी, नाचणीची भाकरी, नाचणीचं तिजान, यात कुठेच गहू नाही. नारळाचा रस असल्यावर दुधावाचून अडत नाही. मणगणं चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाच्या रसाचं. पातोळ्या तांदळाच्या, हळदीच्या पानातल्या. दिवाळीला तर आपल्याकडे सकाळी फोवच, म्हणजे पोहे, त्यातले रोसातले फोव म्हणजे नारळाचा रस नि गूळ, ना गहू ना दूध, माझी लेक तो दिवस वर्षभर मनात धरून असते. कांदा-लसणाशिवाय चविष्ट कसं करायचं हा प्रश्न पण आपल्या देवळांच्या आणि सोमवारच्या स्वयंपाकाने कधीच सोडवलाय. खतखतं (डाळ-नारळातली मिश्र भाजी) घ्या, उडदामेथी (उडीद-मेथीची नारळातली आमटी) घ्या, आणि मासळीच्या दिवशी नुसतं तिरफळ घातलेलं बांगड्याचं हुमण घ्या.

ते हुमण लिहूनच देते, रोज उपयोगी पडतं. एका नारळाच्या अर्ध्या कवडीचं खोबरं, पाच-सहा सुक्या बेडगी मिरच्या, थोडी हळद, चिंचेचं बुटुक, हे गंधासारखं बारीक वाटायचं, वाटण रवाळ राहिलं तर हुमण फुटल्यासारखं दिसतं. आठ-दहा तिरफळं, आतली काळी बी काढून टाकायची, वाटायची नाहीत, थोड्या पाण्यात ठेचून तेच पाणी सालींसकट घालायचं. वाटणाला एक उकळी आली की मीठ आणि बांगड्याचे तुकडे, वरून एक चमचा कच्चं खोबरेल, झाकण, पाच-सात मिनिटं. दवल्याने ढवळू नका, भांडंच दोन्ही हातांनी हलवा. फोडणी नाही, हिंग नाही, कांदा नाही, आणि जेवणारा विचारत पण नाही की काही कमी आहे का.

लसणाची चव हवीच असेल तर लसूण अख्खा तेलात मंद तळून काढून टाका आणि तेल वापरा. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही, म्हणून तेल चालतं. पण रश्श्यात लसूण उकळून नंतर काढला तर उपयोग नाही. तेल ताजंच करायचं, करून ठेवायचं नाही. काजू आणि आळसाणे (चवळीसारखं कडधान्य), वाटाणे यांनी पण असाच वारा धरतो, ते भिजवून पाणी टाकून थोडेच द्या. आंब्यात फ्रुक्टोज जास्त, मे महिन्यात वहीत जरा लक्ष ठेवा.

फसायला होतं ते कुठे, तर पहिला नंबर रव्याचा. रवा फ्राय! रवा म्हणजे गहूच, आणि तरी शिकलेली माणसं मला म्हणतात की मासे तर चालतात ना तिला. मासे चालतात हो, त्यावरचा रवा चालत नाही, आणि त्याच तव्यावर, त्याच तेलात तळलेला बिनरव्याचा तुकडा पण चालत नाही. घरी तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे आणि मिक्सरला भरड काढायचे, त्यात तुकडे घोळवून तळले की रव्यापेक्षा जास्त कुरकुरीत लागतात. बाजारात इडली रवा मिळतो तो तांदळाचा असतो, पण रवा इडली आणि रवा डोसा गव्हाच्या रव्याचा, नावांत गोंधळू नका.

दुसरा हिंग. डबीतला जो बांधणीचा हिंग असतो त्यात बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, लेबल वाचा, तांदळाच्या पिठातला पण मिळतो. सांबार, लोणची, पापड, फरसाण, सगळीकडे तो हिंग जातो. तिसरी गिरण. गहू दळून झाल्यावर त्याच जात्यातून तांदूळ काढले की ते पीठ तुमच्या कामाचं राहिलं नाही, सकाळी पहिला नंबर लावलात तरी आदल्या दिवशीचं आत असतंच. एकतर घरगुती घरघंटी घ्या फक्त तांदूळ-नाचणीसाठी, नाहीतर मिक्सर. घरात पोयी-उंडे (गोव्याचे पाव) येतच राहणार, पोदेर (पाववाला) दारात येतो त्याला काय बंद करणार, पण पोयीवरचा कोंडा ओट्यावर सगळीकडे उडतो, म्हणून पावाची टोपली ओट्यापासून लांब ठेवा. चाळण, लाटणं, पोळपाट, लाकडी दवली आणि टोस्टर वेगळे हवेत, लाकडात पीठ मुरतं ते धुऊन जात नाही.

पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायचं तर आपल्या नियमाप्रमाणे किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. गहू, दूध असे अ‍ॅलर्जीचे पदार्थ पाकिटावर सांगावे लागतात, तेव्हा आधी ती ओळ शोधा आणि मग घटक वाचा: मैदा, आटा, सुजी, दलिया, शेवया, मॉल्ट, बार्ली. समोर नाचणीचं चित्र आणि मागे पहिलाच घटक आटा अशी बिस्किटं ढिगाने आहेत. सोया सॉसमध्ये बहुतेक गहू असतो. विनेगर माडाच्या सुरेचं चालतं, मॉल्टचं नाही. मोठ्यांसाठी सांगायचं तर बियर जवाची, काजूची फेणी आणि हुर्राक बोंडांच्या रसाची. महागडे ग्लुटेन-फ्री ब्रेड मी आणत नाही, त्यातल्या बऱ्याचशांत नुसता स्टार्च असतो आणि कधी दूध पावडर पण, त्यापेक्षा गरम घावन शंभर पटीने बरं.

दूध आणि गहू दोन्ही गेले की कॅल्शियम, लोह, बी-12, डी या गोष्टींकडे बघावंच लागतं. नाचणी, तीळ, तांबडी भाजी, काट्यासकट खाता येतील असे छोटे तारले (सार्डिन मासे). पण मासळी ताजी आणि बर्फातलीच घ्या, बांगडे-तारले बर्फाशिवाय पडून राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं, ते शिजवून जात नाही, आणि मग अंगावर पित्त उठलं तरी आपण दोष भलत्याच पदार्थाला देतो. गोळ्यांमध्ये लॅक्टोज आणि कधीकधी गव्हाचा स्टार्च भरण म्हणून असतो, फार्मसीत विचारा. टीटीजीची टेस्ट डॉक्टर सांगतील तेव्हा परत करा, आकडा उतरतोय का ते बघायला, आणि सख्ख्या भावंडांची, आईबाबांची पण एकदा करून घ्या, घरात एकाला असलं की दुसऱ्याला असायची शक्यता वाढते, त्रास काही नसला तरी.

सण आणि पाहुणचार. चवथीच्या नेवऱ्या मैद्याच्या आणि तळलेले मोदक पण, उकडीचे चालतात पण वाफवायचं भांडं वेगळं. नाताळात शेजारून कुसवार (नाताळचा फराळ) येतो, प्रेमाने येतो, त्यातला दोदोल तांदळाच्या पिठाचा, नारळाचा आणि काळ्या गुळाचा, पेराद पेरूचं, ही दोन चालण्यासारखी, तरी एकाच ताटात बोलिन्यांना (रवा-नारळाच्या बिस्किटांना) चिकटून आली असतील तर नको. बेबिंकात मैदा, बोलिन्यांत नि बातकीत रवा, दोस-कोकादमध्ये पण पुष्कळदा रवा घालतात. जत्रेतलं खाजं बेसनाचं असलं तरी मैदा मिसळणारे आहेत, विचारल्याशिवाय लेकराच्या हातात देऊ नका.

हॉटेलात "ग्लुटेन" शब्द वापरून काही होत नाही. गर्दी नसताना जा, वेटरला नाही तर आत रांधणाऱ्या मावशीला किंवा कुकला भेटा, आणि सांगा, "गहू, मैदा, रवा लागला तर पोरगी आजारी पडते, नुस्ते (मासे) तळून नको, हुमण नि शीत द्या, हिंग घातलाय का?" कोंकणीत सांगितलं तर अजून बरं. तळलेलं कशालाही हो म्हणू नका. सोलकढीत लसूण असतो हे लक्षात ठेवा. एकदा एका ठिकाणी मला सांगितलं की रवा लावलेला नाही, आणि आला तो तुकडा ब्रेडच्या चुऱ्यात घोळवलेला. तेव्हापासून मी काय लावलेलं नाही ते विचारत नाही, काय लावलंय ते विचारते.

लग्नाकार्यात यजमानांना दोन दिवस आधी फोन करा, अजिबात संकोच करू नका, गोव्यात जेवायला आलेला उपाशी जावा असं कुणालाच वाटत नाही. विनंती एवढीच करायची की पंगत किंवा बुफे सुरू व्हायच्या आधी भात, वरण आणि खतखतं वेगळं काढून झाकून ठेवा, कारण एकदा लोकांनी पुरीचा चमचा खतखत्यात घातला की संपलं, आणि वरणाची फोडणी हिंगाशिवाय. डबा तरीही पर्समध्ये असू द्या, दोन घावन आणि सुकं खोबरं-गूळ.