ओपन सोर्स रिपोमध्ये बाहेरच्यांचा कोड घ्यायचा तर काय काय करायचं

तुमच्या रिपोवर (प्रोजेक्टचा कोड ठेवायची जागा) बाहेरचे लोक पुल रिक्वेस्ट, म्हणजे पीआर (माझा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या अशी विनंती), पाठवायला लागले असतील तर आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कोड पाठवणारा बहुतेक वेळा परत येत नाही आणि त्यातले बग नंतर तुम्हालाच काढावे लागतात. परीक्षा आली, नोकरी लागली, माणूस दिसेनासा होतो, त्यात त्याची काही चूक नाही. म्हणून पीआर बघताना "चालतंय का" एवढ्यावर थांबू नका, "हा उद्या नसला तर मला हे सांभाळता येईल का" हे विचारा. बाकी सगळे नियम त्यातूनच निघतात.

सुरुवात कॉन्ट्रिब्युटिंगच्या फाइलपासून करा. प्रोजेक्ट स्वतःच्या मशिनवर कसं चालवायचं, टेस्ट कशा रन करायच्या, पीआर कोडच्या कुठल्या शाखेवर, म्हणजे ब्रँचवर टाकायचा, आणि मोठं काम हातात घ्यायच्या आधी इश्यू (बग किंवा कल्पनेवर चर्चेची नोंद) उघडून विचारायचं, एवढं त्यात हवंच. फाइल लिहून झाली की ज्याने प्रोजेक्ट कधी उघडलेलंच नाही अशा ओळखीच्या कुणाला तरी द्या आणि शेजारी गप्प बसा, तो जिथे अडकेल तिथे फाइल अपुरी आहे. लायसन्सची फाइल नसेल तर आजच टाका, कोड सगळ्यांना दिसतो म्हणून तो वापरायची परवानगी मिळत नाही. लिनक्स कर्नलवाले 2004 पासून प्रत्येक कमिटवर (नोंदवलेल्या प्रत्येक बदलावर) "साइन्ड ऑफ बाय" ची ओळ मागतात, म्हणजे हा कोड द्यायचा मला हक्क आहे असं पाठवणारा लिहून देतो. कमिट करताना डॅश एस (-s) लावला की ती ओळ आपोआप येते. तुम्हीही मागा, फुकट आहे.

भाषेचं म्हणाल तर मुंबईत आपण अर्धं मराठी अर्धं इंग्लिश बोलतो, इश्यूमध्येही तसंच चालू द्या. इंग्लिश जमत नाही म्हणून चांगला बग रिपोर्ट न टाकणारी मुलं खूप आहेत, त्यांना मराठीत लिहू द्या. कमिट मेसेज मात्र सगळ्यांना कळेल अशा एकाच भाषेत ठेवा.

मेन ब्रँचवर थेट पुश बंद करा, स्वतःसाठीसुद्धा. किमान एकाचं अप्रूव्हल आणि टेस्ट पास, त्याशिवाय मर्ज नाही, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळायचा नाही. फोर्कवरून (तुमच्या रिपोच्या स्वतःच्या कॉपीवरून) पहिल्यांदाच आलेल्या माणसाचे गिटहब अॅक्शन्स (टेस्टसारखी आपोआप चालणारी कामं) तुम्ही परवानगी दिल्याशिवाय चालू होणार नाहीत अशी सेटिंग असते, ती चालू ठेवा, आणि परवानगी द्यायच्या आधी त्याने वर्कफ्लोच्या, म्हणजे ही कामं ठरवणाऱ्या, फाइलला हात लावलाय का ते बघा.

आता रिव्ह्यू, खरी मेहनत इथेच आहे. पीआर छोटा मागा. बग फिक्स, फॉरमॅटिंग आणि तीन फाइलींची नावं बदललेली असं सगळं एकातच आलं तर वाचायच्या आधीच तोडून पाठवायला सांगा, कारण उद्या त्यातलं एकच काहीतरी रिव्हर्ट करायचं झालं तर सगळंच मागे घ्यावं लागेल. कमेंट करताना आधी दिशा बघा, ही गोष्ट प्रोजेक्टला हवी आहे का, मग डिझाइन, आणि व्हेरिएबलची नावं सगळ्यात शेवटी, नाहीतर बिचारा दोन दिवस नावं सुधारतो आणि मग तुम्ही म्हणता की हे फीचरच नकोय. कुठली कमेंट सुधारल्याशिवाय मर्ज होणार नाही आणि कुठली फक्त सुचवणी आहे हे स्पष्ट लिहा. विरार फास्टमध्ये उभ्याने फोनवर डिफ (काय काय बदललं त्याची यादी) वाचून प्रश्न विचारायला हरकत नाही पण मर्जचं बटण तिथे दाबू नका, घरी येऊन ब्रँच ओढा, चालवून बघा, मग दाबा.

पहिलं उत्तर लवकर द्या, "बघितलं, रविवारी नीट वाचतो" एवढं पुरतं. नकोच असेल तर तेही लगेच सांगा आणि कारण द्या, महिनोन् महिने लटकवून ठेवण्यापेक्षा सरळ नाही म्हणणं त्या माणसाच्या वेळेचा मान राखणं आहे. काम चांगलं पण अर्धवट सोडून गेला असेल तर त्याच्याच ब्रँचवरून पुढे न्या आणि "को-ऑथर्ड-बाय" मध्ये त्याचं नाव घाला, पहिल्या कमिटचं श्रेय त्याला मिळालंच पाहिजे. ऑक्टोबरमध्ये जरा जपून, 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ऑक्टोबरात ओपन सोर्सला पीआर पाठवणाऱ्यांना बक्षीस देणारा उपक्रम) टीशर्टसाठी रीडमीत एखादा शब्द वाढवलेले इतके पीआर आले की आयोजकांना नियम बदलावा लागला, आणि ज्या रिपोने स्वतःहून भाग घेतलाय तिथलेच पीआर मोजायचे असं ठरलं. असे पीआर स्पॅम लेबल लावून बंद करा, वाद घालू नका.

मर्जचे हक्क कुणाला द्यायचे यावर मी सगळ्यात जास्त कडक आहे. एक्सझेडचं (लिनक्सवर सगळीकडे वापरलं जाणारं, फाइली दाबून लहान करणारं टूल) प्रकरण वाचलं नसेल तर वाचा. तो प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या एका एकट्या, थकलेल्या मेंटेनरवर अनोळखी अकाउंटवरून दबाव येत राहिला की दुसरा कुणीतरी घ्या, आणि साधारण दोन वर्षं नीट काम करून विश्वास मिळवलेल्या एका अकाउंटने 5.6.0 आणि 5.6.1 या व्हर्जनमध्ये बॅकडोर, म्हणजे चोरवाट, घुसवला. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना एसएसएच (दुसऱ्या कम्प्युटरवर सुरक्षितपणे शिरायची पद्धत) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हा प्रश्न पडला म्हणून ते सापडलं. घातक कोड टेस्टच्या बायनरी फाइलींमध्ये लपवला होता आणि तो जागा करणारी बिल्ड स्क्रिप्ट फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (डाउनलोडला ठेवलेल्या गठ्ठा फाइलमध्ये) होती, गिटमध्ये नव्हतीच. म्हणून न वाचता येणारी बायनरी फाइल कुणी पाठवली तर ती कशी बनवली ते विचारा, रिलीज कुणाच्या लॅपटॉपवरून नाही तर सीआयमधून (टेस्ट आणि बिल्ड आपोआप चालवणारी यंत्रणा) टॅगवरूनच, म्हणजे गिटमध्ये खूण केलेल्या कोडवरूनच बनवा, आणि घाई करणाऱ्याला हक्क देऊ नका. आधी इश्यूंना लेबल लावायचा हक्क, मग रिव्ह्यू, मग मर्ज, रिलीजचा सगळ्यात शेवटी. शक्य असेल तर ज्याच्याशी व्हिडिओ कॉलवर तरी बोललाय त्यालाच द्या. टू फॅक्टर सगळ्यांना सक्तीचं.

आणि दर सहा महिन्यांनी हक्कांची यादी उघडा, जो बराच काळ फिरकला नाही त्याला आधी मेसेज करून त्याचे हक्क काढा, कॉन्ट्रिब्युटर्सच्या यादीतलं नाव मात्र तसंच राहू द्या.