गुडघे झिजलेत म्हणून बसून राहू नका: घरी कोणते व्यायाम करायचे, किती करायचे आणि दुखलं तर काय

एक्स-रेमध्ये गॅप कमी झालाय, वंगण संपलंय, आता जिने चढू नका, खाली बसू नका, जास्त चालू नका. एवढं ऐकून घरी आलेली बाई (आणि बहुतेक वेळा बाईच असते, पन्नाशीनंतर हा त्रास बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतो) पुढे काय करते तर बसते. भाजी आणायला दुसरं कोणीतरी जातं, देवळात जाणं बंद, मग वजन वाढतं, मांडीचे स्नायू बारीक होतात आणि वर्षभराने गुडघा आधीपेक्षा जास्त दुखायला लागतो, आणि सगळे म्हणतात बघा झीज वाढली. आमच्या घरात आईचं हेच चाललं होतं, आणि तिला त्यातून बाहेर काढताना फिजिओकडून जे शिकायला मिळालं ते इथे नीट लिहितेय, कारण व्यायामांची यादी सगळीकडे मिळते पण किती करायचं, कधी वाढवायचं आणि दुखत असताना करायचं की नाही हे कोणी धड सांगत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. एक्स-रेतली झीज आणि प्रत्यक्ष दुखणं यांचा हिशोब जुळतोच असं नाही. खूप झीज दिसणारी माणसं आरामात चालताना दिसतात आणि किरकोळ झीज असलेली माणसं वेदनेने हैराण असतात. हाडांच्या टोकावरच्या गुळगुळीत कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आतबाहेर व्हायला सांध्यावर दाब पडून सुटावा लागतो, म्हणजे हालचाल लागतेच. दुसरं म्हणजे पाय टेकवल्यावर बसणारा धक्का मांडीचा पुढचा मोठा स्नायू झेलतो, तो कमजोर झाला की सगळा भार सांध्यावर येतो. व्यायामाने झिजलेली कूर्चा परत उगवत नाही, ते खोटं आश्वासन कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका, पण दुखणं कमी होतं आणि चालणं, उठणं-बसणं सुधारतं हे पुष्कळ अभ्यासांतून दिसलंय. इंग्लंडमधल्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या सूचनांमध्ये पण पहिले उपाय म्हणजे व्यायाम आणि वजन उतरवणं, आणि आपल्याकडे सर्रास खाल्ल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या देऊ नका असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

आता दुखण्याचा नियम, हा सगळ्यात महत्त्वाचा आहे. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही असं धरून स्वतःला नंबर द्यायचा. व्यायाम करताना पाचपर्यंत गेलं तर चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते दुखणं नेहमीच्या पातळीवर परत आलं पाहिजे. आलं नाही किंवा गुडघा सुजला तर काल जास्त झालं एवढाच त्याचा अर्थ, मग पुढच्या वेळी निम्मं करायचं पण बंद करायचं नाही. पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेक लोक इथेच सोडतात, थोडं दुखलं की वाटतं आपण गुडघा अजून खराब करतोय, आणि घरचे पण राहू दे राहू दे म्हणतात. प्लीज राहू दे म्हणू नका.

सुरुवात पलंगावर. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची, मांडी घट्ट झालेली हाताला कळली पाहिजे, पाच सेकंद धरायचं आणि सोडायचं, असं दहा वेळा. सेकंद मोठ्याने मोजा म्हणजे श्वास कोंडला जात नाही, बीपी असलेल्यांनी तर नक्कीच. मग पाठीवर झोपून एक गुडघा वाकवून ठेवायचा आणि दुसरा पाय सरळ ताठ ठेवून फूटभर वर उचलायचा, पाच सेकंद थांबून हळूहळू खाली आणायचा, धप्पकन टाकायचा नाही. नंतर कुशीवर वळून वरचा पाय सरळ बाजूला उचलायचा. हा लोक गाळतात कारण तो गुडघ्याचा वाटतच नाही, पण खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर असले की चालताना कंबर डुलते आणि गुडघ्यावर वेडावाकडा ताण येतो. आणि दोन्ही गुडघे वाकवून, पावलं टेकवून कंबर वर उचलायची, तो मागच्या स्नायूंसाठी.

हे जमलं की खुर्चीवर या. खुर्चीत बसून पाय समोर सरळ करायचा, धरायचा, खाली आणायचा. सोपं वाटायला लागलं की घोट्याला अर्ध्या किलोचा वेट कफ बांधा, मेडिकलमध्ये किंवा खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतो, नाहीतर कापडी पिशवीत अर्धा किलो तांदूळ भरून बांधला तरी चालतं.

माझ्या मते एकच व्यायाम करायचा असेल तर खुर्चीतून उठणं आणि बसणं हा करा. घट्ट, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, चाकाची नको. पावलं थोडी मागे घ्यायची, पुढे वाकायचं आणि उठायचं, आणि बसताना हळू, तीन मोजत बसायचं. जमत नसेल तर खुर्चीवर दोन उशा ठेवून बैठक उंच करा आणि सुरुवातीला हातांचा आधार घ्या. मग एक उशी काढा, मग दुसरी, मग हात छातीशी बांधून. कमोडवरून उठणं, रिक्षातून उतरणं, बसमध्ये सीटवरून उठणं, सगळं याच हालचालीवर चालतं, म्हणून याचा फायदा रोजच्या जगण्यात लगेच कळतो. त्यानंतर स्वयंपाकघरात ओट्याला धरून टाचा उचलणं, आणि कठड्याला धरून जिन्याची सगळ्यात खालची पायरी चढणं-उतरणं.

किती करायचं? प्रत्येक व्यायाम आठ ते बारा वेळा, मध्ये दम खाऊन परत एकदा, जमलं तर तिसऱ्यांदा. शेवटचे दोन-तीन जड वाटले पाहिजेत, नाही वाटले तर ते तुमच्यासाठी हलके झालेत. इथेच घोडं अडतं. लोक वर्षानुवर्षे तेच दहा वेळा पाय उचलणं करतात, वजन वाढवत नाहीत आणि म्हणतात फिजिओने काही फरक पडत नाही. बारा वेळा आरामात होतंय म्हणजे अर्धा किलो वाढवा, किंवा उशी काढा, किंवा पायरी उंच घ्या. पलंगावरचे हलके व्यायाम रोज केले तरी चालतात, ताकदीचे आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून ग्लॅड नावाचा कार्यक्रम चालतो, त्यात आठवड्याला दोनदा असे सहा आठवडे फिजिओच्या नजरेखाली व्यायाम करून घेतात आणि सोबत आजार समजावून सांगतात. म्हणजे निदान सहा आठवडे, खरं तर तीन महिने द्या, आठ दिवसांत निकाल मागू नका. आणि बरं वाटल्यावर सोडून दिलं तर फायदा पण हळूहळू जातो.

चालणं बंद करू नका. एकदम पाऊण तास नको, दहा मिनिटं सकाळी दहा मिनिटं संध्याकाळी, सपाट जागी, टाचेखाली मऊ असलेले बूट घालून, आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. चालवत नसेल तर घरात एका जागी उभी राहणारी व्यायामाची सायकल चांगली, सीट उंच ठेवा. एकच गुडघा दुखत असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरायची, उजवा दुखतोय तर डाव्या हातात, जवळजवळ सगळे उलटं धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

वजनाबद्दल बोललं की लोकांना राग येतो पण हे सांगायलाच हवं. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. म्हणजे पाच किलो उतरले तर दर पावलाला वीस किलो. आपल्या ताटात भात, पोळी, साबुदाणा भरपूर आणि डाळी-उसळी-दही कमी पडतं, वय वाढलं की स्नायू टिकवायला प्रोटीन लागतंच. उपास करून वजन उतरवलं तर स्नायू पण जातात, तसं नको.

घरात थोडे बदल: कमोड, किंवा भारतीय संडासावर ठेवायची खुर्ची, विळीऐवजी ओट्यावर सुरी, पोथी वाचायला पाटाऐवजी खुर्ची. देव मांडी घातल्याशिवाय पावणार नाही असं काही नाही, आजीला हे कोणीतरी प्रेमाने सांगा. उकिडवं बसल्याने गुडघ्याच्या वाटीमागे खूप दाब येतो म्हणून दुखणं जास्त असताना ते टाळायचं, पण गुडघा वाकवणंच सोडायचं नाही, नाहीतर तो आखडतो.

फिजिओकडे जायचं तर काय बघायचं? पुष्कळ ठिकाणी दहा दिवस मशीन लावतात, शेक देतात, पेशंट झोपून येतो आणि घरी जातो. त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण तुम्हाला व्यायाम शिकवत नसतील, दर भेटीत वाढवत नसतील तर तसं मोकळेपणाने विचारा, नाहीतर दुसरीकडे जा. इंजेक्शनबद्दल सगळे विचारतात. २०२० मध्ये अमेरिकेत १५६ जणांवर एक अभ्यास झाला, निम्म्यांना स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि निम्म्यांना फिजिओथेरपी, आणि वर्षाच्या शेवटी फिजिओवाल्यांचं दुखणं आणि हालचाल दोन्ही जास्त चांगलं होतं. दुखणं भडकलं असेल तेव्हा वेदनाशामक जेल लावा, गरम किंवा थंड जे बरं वाटेल त्याने शेका. पोटातून घ्यायच्या पेनकिलर मात्र मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन्महिने खाऊ नका, किडनी, बीपी, पोट तिन्हीवर परिणाम होतो.

काही वेळा व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचा: गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आहे, पडल्यानंतर पाय टेकवतच नाही, गुडघा अडकून सरळ होत नाही, पोटरी एकाएकी सुजून दुखतेय. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ अंग आखडलेलं राहत असेल आणि बोटांचे सांधे पण सुजत असतील तर तो आमवात असू शकतो, त्याचे उपचार वेगळे असतात आणि तिथे उशीर महाग पडतो.

आणि सगळं मनापासून करूनही रात्री झोप लागत नसेल, घरातल्या घरात चालता येत नसेल तर सांधा बदलायच्या ऑपरेशनला घाबरू नका. भारतात ऑगस्ट २०१७ पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारची मर्यादा आहे, तरी हॉस्पिटलचा बाकीचा खर्च वेगळा असतो म्हणून आधी पूर्ण अंदाज लेखी घ्या. ऑपरेशनची तारीख ठरली तरी हेच व्यायाम आदल्या दिवसापर्यंत चालू ठेवा, आणि ऑपरेशननंतर घरी येऊन व्यायाम करून घेणारा फिजिओ कोण असेल ते तारीख घ्यायच्या आधीच ठरवून ठेवा.