इन्क्युबेटर आणि खुडूक कोंबडी: अंडी एकाच रात्री बसवा

थंडी उतरणीला लागली आणि दिवस मोठा होऊ लागला की कोंबड्या पुन्हा जोमाने अंडी घालतात, आणि मागोमाग एखाददुसरी खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला घरट्यावर बसून राहते. पिल्ले काढायला हा काळ उत्तम. आता बसवलेल्या अंड्यांतून तीन आठवड्यांनी पिल्ले बाहेर पडतील तेव्हा हवा त्यांना सोसवेल इतकी उबदार असेल, आणि कडक ऊन किंवा पावसाची ओल येईपर्यंत त्यांच्या अंगावर पिसे आलेली असतील.

इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवायचे मशीन, घ्यावे की कोंबडी बसवावी, असे पुष्कळजण विचारतात. दोन्ही जवळ असतील तर दोन्ही वापरा, पण अंडी एकाच रात्री बसवा, एवढेच माझे सांगणे आहे. मशीनमध्ये जास्त अंडी मावतात, पण ते विजेवर अवलंबून असते आणि पिल्ले निघाल्यावर त्याचा उपयोग संपतो. कोंबडीखाली दहा-बाराच अंडी राहतात, मात्र ऊब, ओलावा, अंडी फिरवणे हे सगळे ती स्वतः सांभाळते आणि पुढे पिल्लेही वाढवते. दोघांची तारीख एक असली की अंडी आणि पिल्ले इकडून तिकडे हलवता येतात. तारखा वेगळ्या असतील तर ही सोय राहत नाही.

उबवणी फसली की दोष मशीनवर जातो, पण चूक बऱ्याचदा अंडी निवडताना आणि ठेवताना झालेली असते. 8 ते 10 कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा असू द्या. कोंबडा नव्याने कळपात सोडला असेल तर आठ-दहा दिवस थांबून मगच उबवणीची अंडी गोळा करायला लागा. फार मोठी, फार लहान, लांबुळकी, पातळ कवचाची किंवा तडा गेलेली अंडी बाजूला काढा. विष्ठेने माखलेले अंडे धुऊन वापरण्याचा मोह टाळा. कवचावर जंतूंना अडवणारा एक नाजूक थर असतो, तो धुण्याने जातो. किरकोळ डाग कोरड्या फडक्याने पुसा, जास्त घाण असेल तर ते अंडे उबवणीला घेऊच नका.

गोळा केलेली अंडी निमुळते टोक खाली ठेवून 15 ते 18 अंश सेल्सिअसच्या गार, किंचित दमट जागी ठेवा. घरच्या फ्रिजमध्ये नकोत, तिथली थंडी गर्भाला फार होते. सात दिवसांच्या आतली अंडी सगळ्यात चांगली, त्यापुढे दिवसागणिक पिल्ले निघण्याचे प्रमाण घसरत जाते. प्रवास करून आलेली अंडी जाड टोक वर करून निदान 12 तास स्थिर ठेवा, म्हणजे हलून विस्कटलेली हवेची पोकळी जागेवर येते. गार जागेतून काढलेले अंडे आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. तसेच गरम मशीनमध्ये ठेवले तर त्यावर दव धरते आणि त्या ओलीतून जंतू कवचाच्या छिद्रांत शिरतात.

आता कोंबडी. खुडूक झालेली कोंबडी घरट्यावरून हलत नाही, जवळ गेले की अंग फुलवते, कुरकुरते, हाताला चोच मारते. पोटाखाली हात घातला तर तिथली पिसे गेलेली आणि कातडी उघडी, गरम लागते. हीच उघडी कातडी अंड्याला टेकते. तरीही तिला लगेच खरी अंडी देऊ नका. दोन-तीन दिवस खोट्या किंवा बिनकामाच्या अंड्यांवर बसवून पाहा. रात्रंदिवस चिकटून राहिली तर ती टिकेल. जी तासातासाला उठते तिच्यावर अंडी वाया घालवू नका, मग ती कितीही आवडती असो.

घरट्याची पाटी उथळ असावी. तळाशी किंचित ओलसर मातीचा थर, त्यावर कोरडे गवत किंवा पेंढा, आणि मध्ये हलका खळगा. जागा शांत, अंधारी, कुत्र्या-मांजरांपासून, साप-मुंगसांपासून सुरक्षित आणि कळपापासून वेगळी हवी. नाहीतर दुसऱ्या कोंबड्या त्याच घरट्यात ताजी अंडी घालून जातात आणि तारखांचा घोळ होतो. म्हणून बसवलेल्या प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करा आणि बिनखुणेचे अंडे दिसले की उचला. बसवण्याआधी तिच्या पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी उवा, पिसवा, गोचीड आहेत का ते नीट पाहा. असतील तर पशुवैद्यकाला विचारून आधी औषध करा. किडे सतावू लागले की चांगली बसणारी कोंबडीसुद्धा अंडी सोडून उठते. दाणा-पाणी जवळच ठेवा. दिवसातून एकदा ती 15-20 मिनिटांसाठी उठेल, खाईल, पाणी पिईल, मोठी विष्ठा टाकेल, मातीत लोळेल. तेवढ्या वेळात अंडी गार पडतील म्हणून तिला हाकलू नका.

मशीन मात्र निदान 24 तास आधी रिकामे चालवून बघा, आणि त्यावरच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. ताप मोजायचा थर्मामीटर आणि मशीनचा थर्मामीटर एकत्र कोमट पाण्यात धरा. 37-38 अंशांच्या आसपास दोघांत किती फरक येतो ते कागदावर लिहून मशीनवर चिकटवा. आर्द्रता मोजणाऱ्या यंत्राचीही अशीच परीक्षा घेता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूइतके भिजवा. ते झाकण आणि यंत्र एका घट्ट डब्यात बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी यंत्राने 75 टक्के दाखवायला हवेत. 70 दाखवत असेल तर ते 5 ने कमी दाखवते, एवढे लक्षात ठेवले की तेच यंत्र कामाचे होते. ही खटपट अनेकजण टाळतात, पण तापमानातल्या एका अंशाच्या चुकीनेही अख्खा लॉट हातचा जाऊ शकतो.

पंखा असलेल्या मशीनमध्ये 37.5 अंश ठेवा. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीवर मोजून 38.3 ते 38.8. पहिले 18 दिवस आर्द्रता 45 ते 55 टक्के पुरते. ती वाढवायची असेल तर पाण्याचे भांडे खोल असून उपयोग नाही, ते पसरट हवे, कारण वाफ पाण्याच्या पृष्ठभागावरून होते.

बसवायला रात्रीची वेळ धरा. अंधारात कोंबडी शांत असते, खोटी अंडी काढून खरी सरकवली तरी ती फारशी बिथरत नाही. तिच्याखाली 12 मावत असली तरी मी 9 किंवा 10 च ठेवायला सांगेन, म्हणजे पुढे मशीनमधली दोन-तीन अंडी घ्यायला जागा राहते. त्याच रात्री मशीन भरा. अंडी ठेवल्यावर तापमान काही तास खाली राहते. अशा वेळी बटण फिरवत बसू नका, अंडी तापली की आकडा आपोआप जागेवर येतो. मशीनमधली अंडी हाताने फिरवायची असतील तर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढून ठेवा आणि दिवसातून 3 किंवा 5 वेळा फिरवा. विषम आकडा धरला की रोजची लांबलचक रात्र अंडे आलटून पालटून वेगळ्या बाजूवर काढते.

सातव्या दिवशी अंधारात प्रत्येक अंड्याच्या जाड टोकाला टॉर्च लावून बघा. मध्ये काळसर ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या फुटलेल्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ वाढतो आहे. अंडे आरपार स्वच्छ दिसले तर ते फळलेले नाही. नुसते रक्ताचे कडे दिसले तर गर्भ मेला आहे. तपकिरी कवचात हे ओळखणे अवघड जाते, शंका असेल तर ते अंडे ठेवा आणि चौदाव्या दिवशी पुन्हा बघा. एक तारीख धरल्याचा पहिला फायदा इथे मिळतो. कोंबडीखालची तीन अंडी बाद झाली तर मशीनमधली तीन चांगली अंडी तिच्याखाली सरकवता येतात. ती मध्येच उठली तर तिची अंडी मशीनमध्ये जातात.

वीज गेली तर घाबरून झाकण उघडू नका. पहिल्या दोन आठवड्यांत मशीन बंद ठेवून वर जाड पांघरूण टाका. काही तासांची थंडी गर्भ बऱ्याचदा सोसतो, त्याला जास्त धोका उष्णतेचा असतो. शेवटच्या आठवड्यात गर्भ स्वतःच उष्णता सोडतो आणि त्याला हवा जास्त लागते, तेव्हा हवेची भोके झाकली जाणार नाहीत हे पाहा. वीज बराच वेळ येणार नसेल तर कोंबडीखाली मोकळी ठेवलेली जागा वापरा. मशीन उन्हाच्या खिडकीशी ठेवू नका. बाहेर ऊन चढले की आतला आकडाही चढतो.

आर्द्रता बरोबर आहे का हे अंड्याच्या वजनावरून नेमके कळते. बसवताना पाच-सहा अंड्यांवर वजन लिहून ठेवा. अठराव्या दिवसापर्यंत ते 11 ते 13 टक्क्यांनी घटायला हवे, म्हणजे 50 ग्रॅमचे अंडे साधारण 44 ग्रॅमवर यायला हवे. वजन कमी घटले तर आत पाणी जास्त उरले आहे, हवेची पोकळी लहान आहे, आणि पिल्लाला पहिला श्वास घेण्यापुरतीही जागा मिळत नाही. अशा वेळी आर्द्रता उतरवा. वजन फार घटले असेल तर ती वाढवा.

अठराव्या दिवसापासून फिरवणे बंद. आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांवर न्या, हवेची भोके उघडी ठेवा, आणि त्यानंतर झाकण उघडायचे नाही. एकदा उघडले की ओलसर हवा निघून जाते आणि आतला पडदा वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटतो. पहिले छिद्र पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला 12 ते 24 तास लागू शकतात. या वेळात ते बलक पोटात ओढून घेत असते आणि पडद्यातल्या शिरांत अजून रक्त असते. कवच सोलून मदत केली तर रक्तस्राव होतो. धीर धरणे फार जड जाते हे मला ठाऊक आहे, तरी हात आवरा. पोटातल्या बलकावर पिल्लू 48 तास दाणा-पाण्याविना राहू शकते, म्हणून वाळून फुलेपर्यंत त्याला आतच राहू द्या. पिल्ले एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच निघाली आणि बेंब्या ओल्या दिसल्या तर तापमान जास्त होते. बाविसावा-तेविसावा दिवस उजाडला तर ते कमी पडले. पुढच्या वेळी त्याप्रमाणे बदल करा.

कोंबडीची स्वतःची पिल्ले निघाली त्याच रात्री मशीनमधली वाळलेली पिल्ले एकेक करून तिच्या पंखांखाली सोडा. एक-दोन दिवसांचे पिल्लू तिला आई मानते, चार-पाच दिवसांचे झाले की मानेलच असे नाही. सगळी पिल्ले तिच्या पंखांखाली मावतील इतकीच द्या, थंडी असेल तर त्याहून कमी. उजाडताच जाऊन बघा. ती एखाद्याला टोचत असेल तर ते पिल्लू लगेच काढून दिव्याखाली ठेवा. तिथे पहिल्या आठवड्यात 35 अंश आणि मग दर आठवड्याला सुमारे 3 अंश कमी. खाली गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात. पाण्याचे भांडे उथळ ठेवा आणि त्यात खडे टाका, पिल्लू बुडत नाही. रानीखेत रोगाच्या आणि इतर लसींचे वेळापत्रक पिल्ले निघण्याआधीच पशुवैद्यकाकडून लिहून घ्या.

पिल्ले हलवली की मशीनमधली पिसे आणि टरफले त्याच दिवशी काढा, मशीन धुऊन, जंतुनाशक लावून उन्हात वाळवा. कोंबडी पिल्लांत रमली असेल तर तिला निदान सहा आठवडे पुन्हा अंड्यांवर बसवू नका. तीन आठवडे अर्धपोटी बसल्याने तिचे वजन उतरलेले असते.