टायमिंग बेल्ट कसा चेक करायचा आणि नवीन कसा बसवायचा, मुंबईच्या गाडीवाल्यांसाठी

आधी तुमच्या गाडीत बेल्ट आहे की चेन ते बघा, कारण निम्मा गोंधळ तिथेच असतो. मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं, स्विफ्ट-डिझायरचं १.३ डिझेल ही चेनवाली, त्यांनी इथूनच यू-टर्न मारला तरी चालेल. जुनी मारुती ८००, जुनी सँट्रो, इंडिका डिझेल, डस्टरचं १.५ डिझेल, पोलोचं १.५ टीडीआय, जुन्या इनोव्हाचं २.५ डिझेल ही बेल्टवाली. इकोस्पोर्टचं १.० इकोबूस्ट हे वेगळंच प्रकरण, त्याचा बेल्ट ऑइलमध्येच भिजत फिरतो, तो कव्हर उघडून बघायचा विषयच नाही आणि चुकीचं ऑइल टाकलं तर बेल्टच खराब होतो. आणि हो, बॉनेट उघडल्यावर बाजूला समोर दिसतो तो पट्टा आल्टरनेटर आणि एसीचा असतो, टायमिंग बेल्ट त्याच्या मागे प्लास्टिकच्या कव्हरमध्ये लपलेला असतो.

टायमिंग बेल्टचं काम एकच, क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व म्हणजे झडपा उघड-बंद करणारा दांडा) यांना एका लयीत बांधून ठेवणं. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा. ही लय तुटली की व्हॉल्व उघडा राहतो आणि बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर येऊन त्याला ठोकतो. डिझेल गाड्यांत तर हे जवळपास ठरलेलंच, हेड उतरवा, व्हॉल्व बदला, नशीब फुटकं असेल तर पिस्टनपण. बेल्ट तुटायच्या आधी आवाज देईल, दिवा लागेल या आशेवर राहू नका, बहुतेक वेळा काही म्हणजे काही होत नाही, गाडी चालता चालता बंद पडते आणि स्टार्टर मारला की इंजिन रिकामं, हलकं फिरल्यासारखा आवाज येतो. असा आवाज आला तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका, टो करा.

कधी बदलायचा? तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा हाच खरा, साधारण ६०,००० ते १,००,००० किमी किंवा चार-पाच वर्षं या पट्ट्यात बऱ्याच गाड्या येतात, जे आधी होईल ते. "गाडी चाललीच कुठे साहेब, ३५,००० तर झालेत" हे मुंबईत अजिबात ऐकू नका. एलबीएस रोडवर तासभर अडकलात तर ओडोमीटर जेमतेम हलतो, पण ८०० आरपीएमला क्रँक त्या तासात ४८,००० वेळा फिरलेला असतो आणि बेल्ट तेवढाच घासलेला असतो, वर एसी चालू, बॉनेटखाली भट्टी. रबर तर गाडी उभी असली तरी म्हातारं होतंच. म्हणून शहरातल्या गाडीला मी तरी किमीपेक्षा वर्षं जास्त मोजतो.

आता तपासणी. इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, किल्ली खिशात. वरचं कव्हर बहुतेक गाड्यांत काही क्लिपा आणि १० नंबरचे दोन-तीन बोल्ट यावर असतं. टॉर्च मारा आणि क्रँकच्या बोल्टला गोटी (सॉकेट पाना) लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवत बेल्टचा प्रत्येक भाग बघा, कॅमच्या बोल्टने कधीच फिरवू नका. दाताच्या मुळाशी बारीक चीर, पाठीवर काचेसारखी चकाकी, कडेने सुटलेले धागे, ऑइलचा ओलेपणा, यातलं काहीही एक दिसलं तरी बेल्ट गेला. एकाच बाजूची कड खाल्ली असेल तर दोष बेल्टचा नाही, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी चकती) किंवा आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी चकती) याचं बेअरिंग तिरकं झालंय. ऑइल दिसलं तर कॅम किंवा क्रँकचा सील गळतोय, तो न बदलता नवीन बेल्ट टाकणं म्हणजे पैसे गटारात. मिलन सबवे, हिंदमाता अशा ठिकाणी पाण्यातून गाडी काढली असेल तर पावसाळ्यानंतर खालच्या कव्हरच्या आत चिखल-माती बसलीय का तेपण बघून घ्या.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवा. नवीन मटेरियलचे बेल्ट शेवटपर्यंत दिसायला ठणठणीत राहतात. त्यामुळे तपासणीतून "आत्ताच बदल" हे कळतं, "अजून वर्ष जाईल" हे कळत नाही. चिमटीत धरून पिरगळून "एकदम ओके आहे" म्हणणारे बरेच भेटतील, हसून पुढे जा.

सामान घेताना फक्त बेल्ट नको, पूर्ण किट घ्या, बेल्ट, टेन्शनर, आयडलर, आणि पंप याच बेल्टवर फिरत असेल तर वॉटर पंपपण, कारण सहा महिन्यांनी पंप गळला तर तीच सगळी उघडझाप पुन्हा आणि मजुरीपण पुन्हा. ऑपेरा हाऊसला स्पेअरची दुकानं रांगेने आहेत, जाताना इंजिन कोड आणि चेसिस नंबर घेऊन जा, "२०१४ चं मॉडेल आहे" एवढ्यावर पार्ट मागू नका. गेट्स, कॉन्टिटेक, डायको, आयएनए ही नावं चांगली पण डुप्लिकेट मालही फिरतो, म्हणून पक्कं बिल घ्या, खोक्यावरचा आणि बेल्टवरचा पार्ट नंबर जुळवा. जुन्या बाजारातून, कुर्ल्याच्या भंगारातून दरवाजा घ्या, आरसा घ्या, पण बेल्ट आणि टेन्शनर नको.

बसवण्याचं काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये होतं, सेक्रेटरीने आरडाओरडा केला नाही तर, पण जागा सपाट हवी आणि टॉर्क रेंच (बोल्ट मोजून आवळायचा पाना) असल्याशिवाय हात घालू नका. पुढचं चाक काढा (बेल्ट ज्या बाजूला असेल त्या बाजूचं), गाडी जॅकवर नाही, स्टँडवर ठेवा. एसी-आल्टरनेटरचा पट्टा काढा. बऱ्याच गाड्यांत त्या बाजूचं इंजिन माउंटिंग काढावं लागतं, तेव्हा सम्पखाली (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) लाकडाची फळी ठेवून जॅकने इंजिनला आधार द्या. क्रँक पुलीचा बोल्ट हट्टी असतो, मॅन्युअल गिअरवाल्या गाडीत पाचवा गिअर टाकून एकाला ब्रेकवर बसवलं की सुटतो. हा बोल्ट टायमिंगच्या मार्का जुळवायच्या आधी सैल करा, नंतर नाही, आणि स्टार्टरच्या झटक्याने सोडवायची जी ट्रिक असते ती करू नका, पाना उडून हात मोडेल.

मग पहिला सिलिंडर टीडीसीवर आणा, म्हणजे त्याचा पिस्टन सगळ्यात वर. क्रँकची आणि कॅमची, दोन्हीकडची खूण जुळली पाहिजे, फक्त क्रँकची जुळून उपयोग नाही, कॅम अर्ध्या फेरीने उलटा असू शकतो. ज्या इंजिनांना लॉकिंग पिना (क्रँक-कॅम जागेवर अडकवून ठेवणाऱ्या) लागतात तिथे पिनाच लावा, अंदाज नको. जुना बेल्ट काढायच्या आधी व्हाइटनरने बेल्टवर आणि पुल्यांवर समोरासमोर ठिपके मारून ठेवा, मग त्याच दातांवर नवीन बेल्टला ठिपके मारा, मधले दात मोजून, एकूण दातपण मोजा. ही खुणेची गोष्ट मदतीला छान आहे, पण कंपनीच्या मार्कांना पर्याय नाही, आधीच्या माणसाने एक दात चुकवला असेल तर तुम्ही तोच दात इमानदारीत चुकवाल.

बेल्ट निघाला की क्रँक-कॅम अजिबात हलवायचं नाही. टेन्शनर आणि आयडलर बोटाने फिरवून बघा, खरखर लागली की बाद. नवीन बेल्ट दुमडू नका, पिळू नका, स्क्रू ड्रायव्हरने ढकलू नका, आतल्या दोऱ्या तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. बाण असेल तर फिरण्याच्या दिशेने. बहुतेक इंजिनं समोरून बघितली तर घड्याळाच्या दिशेने फिरतात, जुन्या होंडा सिटीसारखी काही उलटी. क्रँकपासून सुरुवात करा, जिथे टेन्शनर नाही ती बाजू ताठ ठेवत कॅमवर जा आणि सगळी ढील शेवटी टेन्शनरच्या बाजूला येऊ द्या. बऱ्याच टेन्शनरवर काटा आणि खाच असते, काटा खाचेसमोर आणून नट मॅन्युअलच्या टॉर्कवर घट्ट. ताण जास्त झाला तर बेल्ट शिटीसारखा गातो, कमी झाला तर कव्हरला थपडा मारतो आणि दात सोडू शकतो.

आता पिना काढा आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. दोनच का, तर तेव्हाच कॅमची एक पूर्ण फेरी होते आणि क्रँक-कॅमच्या खुणा परत जागेवर येतात. मध्ये कुठेही टक्क करून अडलं तर जोर लावू नका, थांबा, तो व्हॉल्व आहे. कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा) मऊ दाब वेगळा लागतो, हाताला लगेच कळतो. दोन फेऱ्यांनंतर खुणा आणि काटा पुन्हा बघा, अर्धा दातही सरकलेला वाटला तर खोलून परत बसवा, घड्याळात कितीही वाजले असू देत. गॅरेजमध्ये करून घेत असाल तरी या वेळी तिथे उभे राहा आणि "भाऊ, माझ्यासमोर दोन फेऱ्या मारून दाखव" म्हणा.

बाकी उलट क्रमाने जोडत यायचं. क्रँकचा बोल्ट काही इंजिनांत एकदाच वापरायचा असतो, तिथे नवीनच. पंप बदलला असेल तर कूलंट भरून हवा काढा, बॅटरी जोडा, स्टार्ट करून पाच-दहा मिनिटं आयडलला ऐका. मग किमी आणि तारीख चिकटपट्टीवर लिहून कव्हरवर लावा, आणि किटचं बिल गाडीच्या कागदांत ठेवा, गाडी विकताना घेणारा तेच मागतो. सेकंडहँड गाडी घेतली आणि असं बिल नसेल तर मालक काहीही सांगो, बेल्ट जुनाच धरा आणि आधी बदला.