कियांती आंबट-तुरट लागली तर

कियांती क्लासिको या इटलीच्या तोस्काना प्रांतातील लाल वाइनची बाटली उघडून पहिला घोट नुसताच घेतला, की ती अनेकांना आंबट-तुरट लागते आणि वाइनच वाईट निघाली असा समज होतो. असा निकाल देण्यापूर्वी पुढील क्रम करून पाहावा.

बाटली आधी साधारण २० मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावी, कारण ही वाइन १६ ते १८ अंश सेल्सिअसला चांगली लागते आणि आपल्याकडील उकाड्यात तशीच ओतल्यास फळाच्या वासाआधी अल्कोहोलचा झोंबरा वासच नाकात शिरतो. ग्लास एक तृतीयांशच भरावा, हलकेच फिरवून वास घ्यावा आणि एक लहान घोट तोंडात घोळवावा. हिरड्या कोरड्या पडल्यासारख्या वाटतात ते टॅनिनमुळे (द्राक्षाच्या साली-बियांतून येणारा तुरट घटक), तर तोंडाला पाणी सुटते ते आम्लतेमुळे. मग पार्मिजानो या कडक इटालियन चीजचा तुकडा किंवा टोमॅटोच्या सॉसमधील पास्त्याचा एक घास नीट चावून खावा आणि लगेच दुसरा घोट घ्यावा. चीजमधील मीठ व स्निग्धांश तुरटपणाची धार बोथट करतात, आंबट टोमॅटोपुढे वाइनचा आंबटपणा खटकेनासा होतो आणि चेरीसारखी चव वर येते. तोस्कानात ती मांसाच्या रागूबरोबर, म्हणजे मंद आचेवर शिजवलेल्या घट्ट सॉसबरोबर, घेतात, ते उगाच नव्हे. शाकाहारी मंडळींना वांग्याची पार्मिजाना, म्हणजे वांगी, टोमॅटो सॉस आणि चीज यांचे भाजलेले थर, तितकीच चालेल; मात्र अस्सल पार्मिजानोत वासराचे रेनेट असते, म्हणून शाकाहारी रेनेटचे चीज घ्यावे.

झणझणीत रस्सा मात्र या बाटलीसोबत नको, कारण टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही मिरचीची आग वाढवतात.